सिगारच्या खोक्याची तीन तारांची गिटार: पहिलाच प्रयत्न, मोजकी हत्यारे

टँपामुक्कामी (फ्लोरिडा)

नमस्कार.

मी फ्लोरिडातील टँपा येथे राहतो. या शहराचा इबॉर सिटी हा भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारच्या धंद्यावर उभा राहिला. कारखाने आता नावापुरते उरले असले तरी सिगारची दुकाने पुष्कळ आहेत आणि रिकामी झालेली लाकडी खोकी ती चार-पाच डॉलरला विकून टाकतात. असे एक खोके मागच्या शनिवारी घेतले, तेव्हा त्यात घरची जुनी कागदपत्रे ठेवावीत एवढाच विचार होता. परंतु दुकानदाराच्या पाठीमागे तसल्याच खोक्याला दांडी जोडून केलेली तीन तारांची गिटार टांगलेली होती, आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने ती एकदा छेडून पाहिल्यावर कागदपत्रांचा विषय तेथेच संपला.

खोके साडेदहा इंच लांब, आठ इंच रुंद आणि दोन इंच खोल आहे. झाकण साधारण चार मिलिमीटर जाडीचे असून त्याला मागे बारीक बिजागऱ्या आणि पुढे पितळी कडी आहे. हत्यारांच्या नावाने माझ्याकडे एक हातकरवत, बॅटरीवर चालणारे ड्रिल, दोन कानशी, अर्ध्या इंचाची पटाशी, गुण्या आणि दोन क्लॅम्प एवढेच आहे. सदनिकेत राहत असल्यामुळे सगळे काम बाल्कनीत करावे लागेल. शाळेत सुतारकामाच्या तासाला केलेला एक पाट सोडला तर मला या कामाचा अनुभव नाही, आणि तो पाटही जेवताना डुगडुगत असे.

दांडीसाठी कोणते लाकूड घ्यावे, ती खोक्यातून आरपार न्यावी की बाहेरून जोडावी, आणि पहिल्याच प्रयत्नात पडदे (दांडीवरच्या धातूच्या आडव्या तारा, म्हणजे फ्रेट) बसवण्याचे धाडस करावे का, हे मुख्यतः विचारायचे आहे.


सुतारपक्षी (ओहायो)

आपल्याकडे आहेत ती हत्यारे पुरेशी आहेत. मी आजवर अशा सात गिटारी केल्या असून पहिली केली तेव्हा माझ्याजवळ पटाशीसुद्धा नव्हती. या वाद्यात बहुतेक चुका खपून जातात, परंतु दोन बाबतींत ते मुळीच क्षमा करत नाही: एक, अटीपासून (खुंट्यांजवळचा तारांचा टेका) घोडीपर्यंतचे (खोक्यावरचा तारांचा टेका) अंतर, आणि दुसरी, झाकणाला कंप पावण्यासाठी लागणारी मोकळीक. बाकी सर्व मापे या दोहोंच्या सोयीने ठरवावीत.

प्रथम लाकडाविषयी. येथील दुकानांत 'एक बाय दोन' या नावाने मिळणारी पट्टी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि दीड इंच रुंद असते, आणि तिचा तीन फुटांचा एक तुकडा आपल्याला पुरतो. पॉप्लर स्वस्त असते आणि करवतीला त्रास देत नाही. मेपल किंवा रेड ओक कापताना घाम काढते, पण ताठ राहते. पाइन मात्र घेऊ नये, कारण तीन तारांचा एकत्रित ताण ३५ ते ४० किलोंच्या घरात जातो आणि पाइनची पट्टी त्याखाली हळूहळू धनुष्य होते. दुकानात पट्टी निवडताना तिचे एक टोक डोळ्याशी धरून दुसऱ्या टोकाकडे पाहावे. बाक किंवा पीळ असेल तर लगेच दिसतो. मी एकदा ढिगातल्या अकरा पट्ट्या परत ठेवून बारावी घेतली होती, त्यामुळे तेथील मुलाच्या चेहऱ्याकडे पाहू नये हेही सांगून ठेवतो.

पट्टी आरपारच न्यावी. बाहेरून जोडलेल्या दांडीचा सगळा ताण खोक्याच्या पातळ भिंतीवर येतो. आरपार पट्टीत तो लाकडाच्या लाकडातच राहतो आणि खोक्याकडे फक्त आवाज मोठा करण्याचे काम उरते. आपल्या खोक्यासाठी हिशेब असा करता येईल: खुंट्यांसाठी डोके ६ इंच, अटी ते घोडी २५ इंच, घोडीपासून खोक्याच्या मागच्या भिंतीपर्यंत ३ इंच आणि तारा ओवण्यासाठी बाहेर राहणारे शेपूट १ इंच, असे एकूण ३५ इंच. म्हणजे तीन फुटांच्या पट्टीत एक इंच चुकण्यासाठीही शिल्लक राहतो.

आठ इंची भिंतींवर, दोन्ही बाजूंना बरोबर मध्यभागी, पट्टी बसेल अशा खाचा कराव्यात. त्या फूटपट्टीने आखू नयेत. प्रत्यक्ष पट्टी भिंतीवर उभी धरून तिच्या दोन्ही कडांनी टोकदार सुरी ओढावी, म्हणजे खाच नेमक्या त्याच लाकडाच्या मापाची होते. बाहेरच्या कागदी लेबलावर आधी चिकटपट्टी लावली तर करवत कागद फाडत नाही. खाचेची खोली पाऊण इंच ठेवावी, जेणेकरून पट्टीचा माथा खोक्याच्या काठाशी समपातळीत येईल आणि झाकण त्यावर सपाट बंद होईल.

यानंतरचे काम पुष्कळजण आळसाने टाळतात आणि मग आवाज बसका का येतो म्हणून विचारत बसतात. पट्टीचा जो भाग खोक्याच्या आत राहणार आहे, त्याचा माथा दोन्ही भिंतींपाशी अर्धा अर्धा इंच सोडून मधल्या भागात किमान तीन मिलिमीटर उतरवावा लागतो, म्हणजे झाकण पट्टीला न टेकता मोकळे राहते. यासाठी करवतीने दर अर्ध्या इंचावर तीन मिलिमीटर खोल आडवे काप घ्यावेत, मधले ठोकळे पटाशीने उडवावेत आणि कानशीने सपाट करावेत. ही जागा कोणालाही दिसणार नसल्यामुळे ओबडधोबड राहिली तरी हरकत नाही. डोक्याचा भागही याच रीतीने वरून पाव इंच उतरवावा. त्यामुळे तारा अटीवरून खाली उतरून खुंटीकडे जातात आणि अटीवर घट्ट दाबून बसतात. हा उतार नसेल तर त्या अटीच्या खाचेतून उड्या मारतात.

खुंट्या गिटारच्या साध्या, उघड्या दातऱ्यांच्या घ्याव्यात. तीन डाव्या आणि तीन उजव्या अशा सहांचा संच मिळतो. त्यातून एका बाजूच्या दोन आणि दुसऱ्या बाजूची एक वापरावी. भोकांचे माप हाती आलेल्या खुंटीवरूनच घ्यावे आणि ड्रिल चालवताना खाली टाकाऊ लाकूड ठेवावे, नाहीतर मागच्या बाजूने ढलपा निघतो. अटी म्हणून पाव इंची बोल्ट उथळ खाचेत आडवा बसवावा. घोडीही तशीच, लाकडाच्या बारक्या पट्टीवर ठेवलेला दुसरा बोल्ट. मात्र घोडी चिकटवू नये; तारांच्या दाबाने ती जागेवर राहते आणि पुढे सुरांसाठी सरकवता येते. शेपटात तारांसाठी तीन भोके पाडल्यावर तेथे जुन्या बिजागरीचे एक पान स्क्रूने बसवावे, कारण तारेच्या टोकाचा गोळा नुसत्या लाकडात रुतत जातो.

अकौस्टिक गिटारच्या तारांचा साधा, हलक्या जाडीचा संच घेऊन त्यातील पाचवी, चौथी आणि तिसरी एवढ्याच वापराव्यात. चौथी डी आणि तिसरी जी तशीच ठेवावी. पाचवी ए एक पूर्ण स्वर उतरवून जी करावी. अशा रीतीने जी-डी-जी ही लागण, म्हणजे तारांची सुरांत जुळणी, मिळते. आवाजाची भोके झाकणाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत, एकेक इंचाची, पट्टीपासून दूर पाडावीत. झाकण शेवटी सरसाने बंद न करता चार लहान स्क्रूंनी बंद करावे, कारण ते पुन्हा उघडावे लागणार हे मी आपल्याला आत्ताच लिहून देतो.

पडदे पहिल्या खेपेस नकोत. पट्टीवर पेन्सिलीने रेषा आखून काचेच्या किंवा धातूच्या नळीने, म्हणजे स्लाइडने वाजवावे. अमेरिकेच्या दक्षिणेत या वाद्याची चाल मुळात तशीच आहे.

एक वेगळी सूचना. पट्टीला जवसाचे उकळलेले तेल लावणार असाल तर भिजलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नयेत. ते तेल सुकताना तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाल्कनीच्या कठड्यावर त्या पसरून पूर्ण कडक होऊ द्याव्यात.


दुसरी_खुंटी (न्यू जर्सी)

सुतारपक्षी यांच्या बाकीच्या सूचनांशी मी सहमत आहे, पण पडद्यांच्या बाबतीत नाही. वाद्य कोणासाठी आहे हे पाहायला हवे. स्लाइड रेषेच्या बरोबर वर धरावी लागते, केसभर अलीकडे-पलीकडे गेली की सूर हलतो, आणि कान तयार नसलेल्या मुलाला आपले काय चुकते हेच कळत नाही. अकरा वर्षांच्या मुलीने दोन दिवसांत ते वाद्य कोपऱ्यात ठेवून दिले तर आपली मेहनत वाया जाईल.

जी-डी-जी या लागणीत गंधार, म्हणजे मेळ मोठा की छोटा हे ठरवणारा स्वर, नसतो, त्यामुळे एक बोट तिन्ही तारांवर आडवे दाबले की जो मेळ (कॉर्ड) निघतो तो गाण्यातल्या मोठ्या-छोट्या (मेजर-मायनर) दोन्ही मेळांशी जुळतो. मोकळ्या तारा म्हणजे जी, पाचव्या पडद्यावर सी आणि सातव्यावर डी. एवढ्या तीन जागांवर ब्लूजची आणि लोकगीतांची निम्मी दुनिया चालते. मुलांना ही गंमत पहिल्याच संध्याकाळी कळते.

त्यासाठी पाव इंच जाडीची वेगळी पट्टी घेऊन तिच्यावर पडदे बसवावेत आणि ती दांडीवर अटीपासून झाकणाच्या कडेपर्यंत चिकटवावी. चूक झालीच तर फक्त ही पट्टी टाकून द्यावी लागते, दांडी वाचते. अंतराचा नियम सोपा आहे: अटी ते घोडी या लांबीला १७.८१७ ने भागले की पहिला पडदा मिळतो, उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागले की पुढचा. २५ इंच म्हणजे ६३५ मिलिमीटर धरले तर पहिला पडदा अटीपासून ३५.६, दुसरा ६९.३, तिसरा १०१, चौथा १३१, पाचवा १५९.३, सातवा २११.२ आणि बारावा बरोबर मध्यावर ३१७.५ मिलिमीटरवर येतो. प्रत्येक माप अटीपासूनच घ्यावे. मागच्या पडद्यापासून पुढचा मोजत गेले की अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाते आणि बाराव्यापर्यंत पोहोचेतो वाद्य बेसूर होते. माझे पहिले असेच झाले. पडद्याच्या तारेची टाच, म्हणजे लाकडात रुतणारी खालची कड, बसण्यासाठी कापाची रुंदी ०.६ मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणून नेहमीची करवत येथे चालणार नाही. बारीक दातांची, पाठीला पट्टी असलेली लहान करवत तेवढी विकत घ्यावी लागेल.


कृष्णाकाठ (सांगली)

मी सतार वाजवतो, त्यामुळे गिटारवर बोलण्याचा अधिकार मर्यादित आहे. परंतु मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बरेच बसणे-उठणे असल्यामुळे दोन गोष्टी सुचतात.

पहिली लाकडाची. सिगारची चांगली खोकी ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात त्या लाकडाची असतात. ते देवदारासारखे नसून महोगनीच्या कुळातले झाड आहे, आणि आपल्याकडे सतारीला व तंबोऱ्याला वापरतात ते तूनही त्याच कुळातले. तेव्हा आपल्या हाती आलेले खोके वाद्याच्या लाकडाचे असण्याची शक्यता बरीच आहे. भोक पाडताना तिखट-गोड वास आला तर तसे समजावे. घासताना मात्र तोंडावर फडके बांधावे, ती धूळ नाकाला झोंबते. वास न येता आतून पुठ्ठा निघाला, तर बोट आणि घोडी दोहोंखाली तो दबेल. अशा वेळी घोडीखाली आतून पातळ प्लायचा तुकडा चिकटवावा.

दुसरी जवारीची. सपाट, रुंद घोडीवर तार टेकत टेकत सुटली की झंकार येतो. तंबोऱ्यात तोच आम्ही मुद्दाम आणतो, आणि त्यासाठी तारेखाली दोरा सरकवून तासन् तास घालवतो. गिटारवाल्यांना मात्र तो आवाज दोष वाटतो. त्यांना तो नको असेल तर तारेचा घोडीशी आणि अटीशी स्पर्श एका बिंदूवरच तुटला पाहिजे, आणि गोल बोल्ट ते काम आयतेच करतो. बोल्टच्या आट्यांत (पेचाच्या खाचांत) तार बसवताना ती खाचेच्या तळाशी मोकळी डोलत नाही ना, हे पाहावे.

लागणीविषयी एवढेच की जी-डी-जी म्हणजे पांढरी पाचचा सा-प-सा. मुलीला पेटीवर पांढरी पाच धरून द्यावी आणि तिलाच खुंट्या पिळू द्याव्यात. सा-प-सा जुळल्याचे कानाला ज्या क्षणी कळते, तो क्षण तिला मिळावा.


टँपामुक्कामी (फ्लोरिडा)

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण काम बाल्कनीत आणि पाऊस रोज दुपारी, अशी येथील उन्हाळ्याची वहिवाट आहे.

पट्टी पॉप्लरची घेतली. खाचा सुरीने आखल्या आणि त्या इतक्या नेमक्या बसल्या की पट्टी हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकून आत घालावी लागली. भोक पाडताना वास आला, घरभर आला. पडद्यांचा वाद मी तडजोडीने मिटवला: सध्या रेषा आखल्या आहेत आणि पडद्यांची पट्टी नंतर चिकटवता येईल अशी अटी थोडी उंच ठेवली आहे.

तारा चढवल्या, सा-प-सा मुलीनेच लावला, आणि दोन अडचणी दिसल्या. पहिली, आवाज अपेक्षेपेक्षा फार बसका आहे. दुकानातली गिटार खोलीभर घुमत होती, ही टेबलावर बोट वाजवल्यासारखी बोलते. दुसरी, मधली तार छेडली की कोठून तरी माशी अडकल्यासारखी गुणगुण येते. मोकळ्या तारेलाही येते आणि स्लाइड ठेवल्यावरही काही ठिकाणी येते. अटीची खाच दोनदा कानशीने साफ केली, खुंट्यांच्या चकत्या आवळल्या, पण फरक पडला नाही.


सुतारपक्षी (ओहायो)

आधी बसक्या आवाजाचे पाहू. माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो, तसे झाकण घोडीच्या आजूबाजूला वाजवून पाहावे. कडेला एक आवाज आणि घोडीखाली दुसरा, कोरडा आवाज येत असेल तर झाकण तेथे पट्टीला टेकले आहे. नंतर तारा सैल न करता आवाजाच्या भोकातून जाड कागदाची पट्टी झाकण आणि दांडी यांच्यामध्ये सरकवावी. जेथे ती अडेल तेथे दोष आहे. आपण किती उतरवले हे लिहिले नाही. तीन मिलिमीटर हे किमान आहे, कारण तारा चढल्यावर घोडी झाकणाला खाली दाबते आणि त्यातला एखादा मिलिमीटर खाऊन टाकते.

गुणगुण जर फक्त मोकळ्या तारेला असती तर अटी दोषी ठरली असती. ती स्लाइडसह येते, आणि काही ठिकाणीच येते, याचा अर्थ विशिष्ट सुराला जुळून दुसरेच काहीतरी थरथरत आहे. एकाने तो सूर छेडत राहावे आणि दुसऱ्याने वाद्यावरच्या प्रत्येक सुट्या वस्तूवर क्रमाने बोट ठेवत जावे. ज्या वस्तूवर बोट ठेवताच आवाज थांबेल ती सापडली.

झाकण उघडण्यापूर्वी घोडीच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीची खूण करून ठेवावी. परत जुळवताना बाराव्या रेषेवर बोट नुसते टेकवून निघणारा बारीक सूर आणि त्याच रेषेवर स्लाइड ठेवून निघणारा सूर एक येतो का ते तपासावे. स्लाइडचा सूर चढा आला तर घोडी शेपटाकडे, उतरलेला आला तर अटीकडे किंचित सरकवावी.


दुसरी_खुंटी (न्यू जर्सी)

मी कडीवर पैज लावतो.

जाता जाता: ही खटपट आपण पहिल्यांदाच करत नाही आहोत. एडविन फोर्ब्स या चित्रकाराने अमेरिकी यादवी युद्धातील छावणीचे एक चित्र कोरले आहे, त्यात शिपाई सिगारच्या खोक्याची फिडल वाजवताना दिसतो. आणि बिग बिल ब्रून्झी, लाइटनिन हॉपकिन्स हे ब्लूज गायक आपले पहिले वाद्य सिगारच्या खोक्यापासूनच केले होते असे सांगत. त्या शिपायाच्या खोक्याची कडी कोणी दाबून धरली होती कोण जाणे.


टँपामुक्कामी (फ्लोरिडा)

कागद नेमका घोडीखाली अडला. मी दोन मिलिमीटरच उतरवले होते. दिसत नाही म्हणून कंटाळा केला, हे कबूल करतो. चार स्क्रू काढून आणखी दोन मिलिमीटर उतरवले. आवाज दुकानातल्या गिटारीइतका नसला तरी आता शेजारच्या खोलीत ऐकू जातो.

गुणगुणीसाठी मुलगी छेडत राहिली आणि मी एकेका वस्तूवर बोट ठेवत गेलो. खुंट्या, बिजागरीचे पान, मागच्या बिजागऱ्या यांपैकी कशानेही ती थांबली नाही. पितळी कडीवर बोट ठेवले आणि थांबली. पैज आपण जिंकलात. कडीच्या मागे नमद्याचा तुकडा चिकटवला तर काम होईल असे मी म्हणालो, पण मुलीला ती गुणगुण आता आवडू लागली आहे आणि कडी तशीच राहावी असे तिचे म्हणणे पडले. त्यामुळे कृष्णाकाठ यांना एक प्रश्न आहे: तंबोऱ्याचा दोरा कोणत्या जातीचा घेतात, आणि तो अशा बोल्टच्या घोडीवर ठेवून काही उपयोग होईल का?


कृष्णाकाठ (सांगली)

साधा सुती दोरा चालतो. मात्र गोल बोल्टवर त्याचा काही उपयोग होणार नाही, कारण तारेला टेकायला सपाट पृष्ठभागच मिळत नाही. झंकार हवाच असेल तर बोल्टच्या जागी कठीण लाकडाची अर्धा इंच रुंद घोडी करून तिचा माथा अटीच्या बाजूला किंचित, अगदी डोळ्याला न दिसण्याइतका, उतरता घासावा आणि मग दोरा मागेपुढे सरकवून पाहावा. बोल्ट सांभाळून ठेवावा. पहिल्या दोन-तीन घोड्या वाया जातील.